बाबांचा बिल्ला नंबर

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की चहाचं निमित्त करून उठणारा माणूस मी. त्यामुळे हे लिहिताना माझंच मला कसंतरी होतंय… पण सांगून टाकतो.

जबलपूर, विजय नगर, दुसरा मजला. बाबा डिफेन्स फॅक्टरीत होते. तिथे गेटवर ज्यानं त्यानं आपला बिल्ला नंबर सांगायचा. रिटायर झाले तरी ती खोड गेली नाही – भाजी घेऊन आले की दारातूनच, "के चारशे सतरा!" मी आतून म्हणायचो, "या." आई आधीच गेलेली. मागच्या उन्हाळ्यात बाबाही गेले. तेव्हापासून या घरात मराठी बोलायला कोणी नाही.

मी घरूनच काम करतो. एका कंपनीच्या ग्राहकांच्या ईमेलमधून सुट्या भागांचे कोड वेचायचे होते – एक अक्षर, पुढे तीन आकडे. त्यासाठी रेगेक्स लिहितात, म्हणजे कॉम्प्युटरला कोडचा साचा द्यायचा, तो त्यात बसणारे सगळे शोधून देतो. फालतू काम. चालवलं, तर निकालात सगळ्यात खाली – के ४१७.

सगळे ईमेल धुंडाळले. एकातही तो नव्हता. साचा आणखी घट्ट केला, मशीन बंद करून चालू केलं… तरी तोच. वैतागून इंदूरच्या दुबेला, माझ्या सहकाऱ्याला, सगळं जसंच्या तसं पाठवलं. त्याच्याकडे के ४१७ येईना.

"मग माझ्याकडेच काहून येऊन राहिला?" मी फोनवर मराठीतच बोलून गेलो.

"क्या बोले भैया? अरे, एक्सक्लूड मार दो ना. शाम को डिलिव्हरी है."

त्याचं बरोबरच होतं. नको तो कोड वगळायचा, हे आम्ही रोजच करतो. के ४१७ सोडून बाकीचे घे, असं साच्यात घातलं. निकाल स्वच्छ आला. पाठवून दिला.

आणि मग लक्षात आलं. माणूस दारात उभा, आणि मी त्याला आत घेऊ नका म्हणून लिहून दिलं होतं. घाईघाईनं ते वगळणं खोडलं, पुन्हा चालवलं. नाही आला.

आता रोज दुपारी जेवण झालं की तेच ईमेल पुन्हा चालवतो. कोड अगदी बरोबर निघतात, एकही जास्तीचा नाही. काय होतं ते, मला आजही सांगता येत नाही.

दुबे म्हणतो, "बग था, निकल गया. अच्छा हुआ ना, भैया?"

मी हो म्हणतो.