अण्णांचा काचेचा पंप

दम्यासारखं दुखणंही ऐटीत मिरवणारा माणूस मी एकच पाहिला, तो म्हणजे आमच्या हिचे मामा. चामराजपेटेत सगळे त्यांना अण्णा म्हणत. एकोणीसशे साठच्या दशकात बेंगळुरातल्या मराठी घरांत जेवढी लग्नं लागली, त्यांतल्या बहुतेकांत मंगलाष्टकं अण्णांचीच. दर मंगलाष्टकाआधी कोटाच्या खिशातून रबरी फुग्याचा काचेचा पंप काढायचा, फुसफुस करून औषध ओढायचं आणि मग आवाज लावायचा. पंप दिसायला थेट अत्तराच्या फवाऱ्यासारखा. एका वरमाईने कौतुकाने पदर पुढे केला, तर अण्णांनी त्यावरही दम्याचं औषध उडवलं. "वरमाईला नाही कसं म्हणायचं?" हे वर.

तो पंप रोज सकाळी त्यांची एकुलती लेक शालू जपून भरून देई. तिचं लग्न होसकोट्याला ठरलं, आणि त्याच सुमारास डॉक्टरांनी अण्णांना नवा, दाबला की आपोआप औषध सोडणारा पंप दिला. अण्णांनी त्याला नावं ठेवायला सुरुवात केली. घशाला गार लागतो, पत्र्याची चव येते, डास मारल्यासारखं वाटतं. डॉक्टरांपुढे कानडीत "सरी, सरी" म्हणत होकारार्थी मान डोलवायची आणि घरी तो देवघरात ठेवून त्याला फूल वाहायचं. मी एकदा समजावलं, "अण्णा, हा भरून द्यायला कुणी लागत नाही."

"तेच तर!" म्हणाले आणि तोंड फिरवून बसले. मला तो निव्वळ हट्ट वाटला.

शालूच्या लग्नात अंतरपाट धरला गेला आणि धुपाच्या धुराने अण्णांना धाप लागली. खिशात हात घातला तर पंप नाही! स्वागताच्या टेबलावर राहिलेला तो पंप वरपक्षातल्या एका हौशी बाईंनी उचलला होता आणि त्यात गुलाबपाणी भरून त्या दारात पाहुण्यांवर शिंपडत होत्या. अण्णांच्या तोंडून शब्द फुटेना. भटजी घड्याळाकडे बघायला लागले. तेवढ्यात नवरीने हातातला हार भटजींकडे दिला, कमरेला खोचलेला नवा पंप काढला आणि भर मांडवात बापापुढे धरला.

"अण्णा, स्वल्प मान वर करा. मी दाबते, तुम्ही ओढा."

अण्णांनी ओढला. जरा वेळाने धाप थांबली, आणि मग त्यांनी असं काही मंगलाष्टक म्हटलं, की मलाच पुन्हा बोहल्यावर चढावंसं वाटलं.

पुढे अण्णा नवा पंप निमूटपणे वापरू लागले. काचेचा मात्र फडताळात लखलखीत पुसलेला असे. शालू माहेरी आली की चहाच्याही आधी तो तिच्या हातात जाई, ती गुलाबपाणी भरून देई आणि अण्णा आम्हा सगळ्यांना भिजवत सुटत. एकदा ती परत निघाली, तेव्हा बस दिसेनाशी झाली तरी अण्णा तिथेच उभे राहून हातातल्या रिकाम्या पंपाचा फुगा दाबत होते. मी म्हटलं, "चला, अण्णा."

"दसऱ्याला येते म्हणालीय," ते म्हणाले, आणि मला मागे टाकून झपझप घराचा चढ चढू लागले.