कापून टाकलेलं उत्तर

परदेशी चॅनलच्या गोऱ्या बाईनं माझ्या हातातली गोवराच्या लसीची कुपी दोन बोटांत धरून उजेडासमोर नेली. मग वास घेतला. सीलबंद कुपीचा वास! मागे कॅमेरा चालू. अंगणवाडीपुढे लेकरं कडेवर घेतलेल्या बाया सगळं बघत होत्या.

मी नर्स. सुरगाण्याच्या पाड्यांवर लसीचा डबा खांद्याला लावून बारा वर्षं फिरत होते.

बाईनं इंग्रजीत काहीतरी विचारलं. मला कळलं नाही. मी नाशिकहून आलेल्या दुभाष्याच्या तोंडाकडे बघत राहिले. तो म्हणाला, “सिस्टर, मॅडम विचारतायत, इथे भारतात बनलेली ही लस तुम्ही स्वतःच्या मुलीला द्याल का?”

“दिलीय,” मी म्हणाले. “माझ्याच हातानं.”

बाईनं कुपी परत दिली आणि ओल्या कागदानं बोटं पुसली.

पुढे ती फिल्म एका हिंदी चॅनलनं दाखवली. सरपंचांच्या ओट्यावर टीव्ही लावलेला, अख्खा पाडा जमलेला. मी पदर नीट करून बसले होते. पडद्यावर बाईचा प्रश्न आला. खाली हिंदीत अक्षरं. मग माझा चेहरा. गप्प. नुसती बघतेय, डोळे फिरवतेय. एवढंच. लगेच दुसरं चित्र: तिच्या देशातला लसीचा पांढराशुभ्र कारखाना.

माझं उत्तर कापलं होतं. दुभाष्याची वाट बघतानाची माझी शांतता तेवढी ठेवली होती.

पुढच्या लसीकरणाला अर्ध्याच बाया आल्या. सखूच्या घरी मी तीनदा गेले. तिची मंगी वर्षाची. सखू दारातच उभी राहिली. “नको बाई. तुलाच बोलता नाय आलं. मंग माझ्या पोरीला कशी टोचतीस?”

“सखू, मी बोलले होते गं.”

“आम्ही पाह्यलं ना.”

त्या उन्हाळ्यात पाड्यावर गोवर आला. मंगीच्या अंगावर पुरळ, मग छातीत कफ. जीप मिळेपर्यंत संध्याकाळ झाली. वणीच्या घाटात माझ्याच मांडीवर तिचा श्वास थांबला. सखू माझ्याकडे बघत होती. रडली नाही. ती नजर अजून माझ्या घरात राहते. जेवताना समोर बसते.

दोन वर्षांनी पुन्हा परदेशी पत्रकार आले, दुसरेच. दुभाष्या मात्र तोच. आमचे साहेब म्हणाले, “सिस्टर, जरा कुपी हातात घेऊन उभ्या राहा.”

“नाही राहणार.”

“अहो, लांबून आलेत.”

“मग आणखी दोन कोस चालू द्या. सखूच्या दारात नेते त्यांना. मी तेव्हा काय बोलले होते ते आधी या दुभाष्याला तिला सांगू दे. आणि माझं बोलणं जसंच्या तसं दाखवणार, असं सही करून लिहून द्यायचं.”

साहेबांचा चेहरा पडला. दुभाष्यानं मान खाली घातली. पत्रकारांनी कॅमेरा पिशवीत घातला. सही कुणी केली नाही.

मी आता इंग्रजी शिकतेय. लेकीच्या शाळेच्या पुस्तकावरून, या वयात. गोड बोलायला नाही. पुढच्या वेळी कुणी प्रश्न विचारला, की कॅमेऱ्याला मध्ये शांतता सापडू देणार नाही.