हे काढलं तर?

कासारवाडीत स्प्रिंगा बनवणारे एक गृहस्थ आहेत. कुठलंही यंत्र उघडलं की एकेका भागावर बोट ठेवून विचारतात, "हे काढलं तर काय बंद पडंल?"

त्यांची वेबसाइट त्यांच्याच टेबलाखालच्या जुन्या कॉम्प्युटरवर चालते. बनवून मी दिली होती. हौसेनं, माझ्या स्वतःच्या साइटवर आहे तसंच, सरकती चित्रं, चॅटची खिडकी, असं बरंच चढवलं होतं. एकाचं अपडेट आलं की दुसरं रुसायचं, साइट बंद पडायची, आणि दुरुस्ती म्हणून मी आणखी काहीतरी जोडायचो.

एका रविवारी त्यांनी मला शेजारी बसवून प्रत्येक गोष्टीबद्दल तोच प्रश्न विचारला. जिच्यावाचून काही बंद पडणार नव्हतं, ती काढून टाकली. शेवटी स्प्रिंगांची मापं आणि फोन नंबर एवढंच एक पान उरलं. मला ते उघडंबोडकं वाटलं.

परवा मी तिथे बसलो असताना चाकणच्या एका कारखान्यातून फोन आला. स्प्रिंग तुटून लाइन थांबली होती, शेडमध्ये रेंज जेमतेम. "भाऊ, बाकीच्यांच्या साइट नुसत्या फिरतायत. तुमचीच उघडली."

तासाभरात स्प्रिंग रवाना झाली. मग ते हात पुसत माझ्याकडे वळले.

"राव, आता तुमची साइट दाखवा," म्हणाले, आणि बोट पुढे केलं.