सासऱ्याच्या पाठीमागची गाडी

दाही माणसांशी कमी आणि गाडीशी जास्त बोलायचा. गाडी म्हणजे फ्रेंचांच्या वेळची लँड रोव्हर. एक दार शेळीच्या केसांच्या दोरीनं बांधलेलं, छप्पर कापडाचं, आणि खाली बघितलं तर पायाखालच्या भोकांतून वाळू पळताना दिसायची. आमच्या वाळवंटातल्या तिजिकजा गावातली पोरं चिडवायची, "दाही, म्हातारीला आता माती दे!" हा बॉनेट पुसत तिलाच म्हणायचा, "चल गं, ह्यांच्या तोंडाला लागू नको."

त्याची बायको मुनीना माझ्या बहिणीची लेक. ती बाळंतपणाला माहेरी गेली होती, वाळूतून तीन-चार दिवसांच्या वाटेवरच्या वलाताला. रेडिओवर निरोप आला, मुलगी झाली. आमच्यात सातव्या दिवशी नाव ठेवतात. ज्याला जे नाव हवं त्याची एक काडी, आणि बाळंतीण न बघता त्यातली एक ओढते. दाहीला त्याच्या मेलेल्या आईचं नाव हवं होतं, सल्का. पण जो हजर नाही त्याची काडी नाही. म्हणून लगोलग निघायचं ठरलं. मीही गाठोडं घेऊन आले.

बघते तर गाडीपाशी बेरूक उभे. माझे दाजी, म्हणजे दाहीचे सासरे. दुखरा दात काढून घ्यायला तिजिकजाला आलेले, तेही नातीला बघायला निघाले. वाळूतून जाणारी दुसरी गाडी नव्हती.

आता जावयानं सासऱ्यापुढं बोलायचं नाही, खायचं-प्यायचं नाही, तोंड दाखवायचं नाही, त्याच्या तोंडाकडं बघायचंही नाही. दाहीनं पागोटं नाकावर ओढलं ते ओढलंच. मी दोघांच्या मधे भिंतीसारखी बसले.

"तुतू," दाजी मला म्हणाले, "गाडीला विचार, एवढी का उडतीया."

"दाही, गाडी का उडतीया?"

"मावशी, गाडी म्हणती, खाली दगड हायेत."

"दाजी, दगड हायेत."

"ते कळलं. माझ्या बुडाची त्यांच्याशी वळख झालीया."

"बाप्यांनो, माझा घसा सुकला तुमचे निरोप वाहून!"

मुक्कामाला दाही गाडीमागं जाऊन खायचा, प्यायचा. तिसऱ्या दिवशी वारा सुटला आणि चाकोऱ्या पुसल्या. काळ्या टेकाडापाशी दाहीनं गाडी उजवीकडं घातली आणि हळूच दाजींकडं कान दिला. दाजी गप्प. बरोबर असणार, असं त्यानं धरलं. दाजींची हयात मिठाचे उंट घेऊन ह्याच वाळूत गेलेली. चूक त्यांना तेव्हाच दिसली. पण जावयाला चूक दाखवायची म्हणजे चारचौघांत त्याचं पागोटं उडवण्यासारखं. त्यांनी नुसतं खाकरून घेतलं.

"दाजी, वाट बरोबर हाय नव्हं?"

"चालवणाऱ्याला ठावं."

हे ऐकून दाहीला आणखी जोर चढला.

दुपार कलली तेव्हा गाडी मऊ वाळूत पोटापर्यंत रुतली. नाव ठेवायचं होतं दुसऱ्या दिवशी सकाळी. पेट्रोलचा एकच डबा उरलेला. दाहीनं फावड्यानं वाळू उपसली, चाकाखाली लोखंडी पट्ट्या घातल्या, गाडी वर काढली आणि तिथंच मटकन बसला. घाईत पहाटेपासून कुठं थांबला नव्हता, आणि सासऱ्याशेजारी पाणी पिणार कसा? डोळे पांढरे झालेले.

मी दाजींना धरलं. "वाट चुकली का?"

"टेकाडापाशीच."

"मग बोंबलायचं न्हाई?"

"जावयाला चुकला म्हनू? लोक काय म्हनतील?"

"हितं कोण लोक? गिधाडं?"

दाजींनी पाण्याची पखाल उचलली, माझ्या हातात दिली आणि मोठ्यानं म्हणाले, "मी नमाज पढून येतो. आज लांबलचक हाय." नमाज तर मघाशीच, दाही वाळू उपसत होता तेव्हा झाला होता. ते वाळूच्या उंचवट्याआड गेले आणि दाही निम्मी पखाल प्याला.

परत आले ते दाजी गाडीत चढलेच नाहीत. झगा कमरेला खोचून पुढं चालू लागले. मागं वळून बघायचं नाव नाही. कुठं थांबून गवत कोणीकडं कललंय ते बघत, कुठं वाळूवर टाच आपटून पुढं जात. दाही पहिल्या गिअरमधे त्यांच्या मागं. सासऱ्याच्या तोंडाकडं बघायची बंदी, पाठीकडं बघायला कोण अडवतंय? दिवस बुडायच्या आत घट्ट खडी लागली आणि तिच्यावर वलाताच्या चाकोऱ्या.

दाजी आत बसले. पायतानातली वाळू झाडत म्हणाले, "तुतू, गाडी गुणाची हाय म्हनावं. बिचारी बोट न दाखवता मागनं येती."

पागोट्याआडून खुदकन आवाज आला.

सकाळी वलातात शिरलो तेव्हा मेंढा कापून झाला होता आणि काड्या मांडत होते. दाजी आत, म्हणून दाही भिंतीबाहेर थांबला. दारात आलेला म्हणजे हजरच, म्हणून त्याची काडी मी नेली. बहिणीनं आपल्या आत्याच्या नावाची ठेवली आणि नवऱ्याला म्हणाली, "तुमची?"

"माझी बी सल्काचीच."

"ती कोण तुमची?"

"मी तिला बघितली बी न्हाई. पर तिचा ल्योक वाळूत मरायला टेकला तरी माझ्याम्होरं घोटभर पानी प्याला न्हाई. त्याला वाढवणारीचं नाव घरात असूं द्या."

बहिणीनं डोळे वटारले, पण काडी ठेवू दिली. मुनीनानं तोंड फिरवून हात घातला. सल्का निघाली. बायांनी आनंदाच्या आरोळ्या देत जिभा वाजवल्या तशी पोर जागी झाली आणि तिनं भोकाड पसरलं.

मी तिला उचलून भिंतीपाशी नेलं आणि मुद्दाम मोठ्यानं म्हणाले, "गप गं सल्का, गप!"

पलीकडं कुणीतरी धपकन वाळूत बसलं.