सादळलेले क्रॅकर

नोरीनबाईंच्या घरात चोर येत होता. नेत काही नव्हता, फक्त डबा उघडून जात होता. हे त्यांचं स्वतःचं ठाम मत, आणि बाईंचं मत एकदा झालं की ते बदलायची कुणाची छाती नव्हती.

इनिसफेल गावाच्या दमट हवेत मिठालाही पाणी सुटतं. तिथे कुरकुरीत क्रॅकर करायचे म्हणजे हट्टच हवा, आणि तो बाईंकडे मुबलक होता. डॉक्टरांनी गहू बंद केला तेव्हा त्यांचे गावभर नावाजलेले स्कोन, चहाबरोबर खायचे ते छोटे गव्हाचे पाव, गेले, आणि बाईंनी स्वयंपाकघरात पाय टाकणंच सोडलं. मग मुलीने अन्न सुकवायचं यंत्र पाठवलं, तेव्हा कुठे त्यांच्या जिवात जीव आला. जवस भिजून बुळबुळीत झाले की त्यात सूर्यफुलाच्या नि भोपळ्याच्या बिया, तीळ, मीठ. ते जाळीवर पातळ थापायचं, सुरीने शंकरपाळ्यांसारख्या रेघा मारायच्या, यंत्र दिवसभर घुरघुरू द्यायचं आणि मध्ये एकदा उलटायचं. संध्याकाळी सगळं घट्ट झाकणाच्या डब्यात. सकाळच्या चहाबरोबर पहिला क्रॅकर नवऱ्याने, मर्वने, खायचा आणि बाईंनी कान देऊन ऐकायचं. कट्ट आवाज आला की त्यांचा दिवस सोन्याचा.

हल्ली तो आवाजच येईना. संध्याकाळी कडाकडा मोडणारे क्रॅकर सकाळी चामड्यासारखे वाकत. "सादळलेत गं," मर्व खाली मान घालून म्हणायचा आणि गुपचूप खायचा.

यंत्र ठीक, झाकण घट्ट. मग पहाटे घरात येतं कोण? शेजारची वाल्डा. बाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांच्या कोंबड्या तीच सोडायची, आणि मागच्या दाराच्या चावीने आत येऊन अंडी ओट्यावर ठेवून जायची. आयुष्यभराची मैत्रीण. पण संशयाचं भूत मानगुटीवर बसलं की मैत्रीण दिसत नाही, चावी दिसते. बाईंना आठवलं, आपले स्कोन बंद झाल्यापासून गावातल्या महिला मंडळाच्या चहाला वाल्डाच्याच स्कोनचं कौतुक होतं. आता क्रॅकर वर यायला लागले तर पोटात दुखणारच.

मंडळाच्या पुढच्या चहाला बाईंच्या बशीतले क्रॅकर लोंबकळले. कुणी हसलं नाही, तेच जास्त झोंबलं. वाल्डा तेवढी म्हणाली, असू दे गं, मला नरमही चालतात. झालं. चोराच्या मनात चांदणं, असं मनाशी म्हणत बाईंनी भर मंडळात हात पुढे केला. "माझी चावी दे."

वाल्डाने जुडग्यातून चावी काढली, बशीशेजारी ठेवली आणि घरी गेली.

दुसऱ्या दिवशी क्रॅकर पुन्हा सादळलेले. मग बाईंनी झाकणाला चिकटपट्टी लावली, यंत्राला दूषणं दिली, मीटर बघायला येणाऱ्या माणसावरही डोळा ठेवला. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

एका संध्याकाळी दुकानात जायला निघालेल्या बाई चष्मा विसरला म्हणून अर्ध्या वाटेवरून परतल्या. व्हरांड्यात मर्व बसला होता. पुढ्यात उघडा डबा, त्यावर ओलं फडकं, आणि चिकटपट्टी नीट जपून खुर्चीच्या हाताला लावलेली.

"तू?" बाई म्हणाल्या.

म्हाताऱ्याने खालची कवळी काढून हातावर ठेवली. मधोमध चीर, गोंदाने चिकटवलेली. तुझ्याच क्रॅकरने मोडली, तो बोबडं बोबडं म्हणाला. दाताच्या डॉक्टरकडे तूच गाडीने नेणार, मग सांगावं लागलं असतं. "स्कोन गेले तेव्हा तू कशी झाली होतीस, मी पाहिलंय. परत तसं नको होतं."

बाईंना रागही आला आणि रडूही आलं, आणि कुठलं आधी हे कळेना. तशाच लंगडत त्या चावी घेऊन वाल्डाच्या दारात गेल्या आणि सगळं सांगितलं.

"माहीत होतं मला," वाल्डा म्हणाली. "एकदा पहाटे डबा बंद करताना सापडला होता. सांगू नकोस म्हणून त्याने गळ घातली."

"मग मंडळात बोलली का नाहीस?"

"तू विचारलंस कुठे? तू चावी मागितलीस."

बाईंनी चावी पुढे केली. वाल्डाने ती घेतली नाही. "राहू दे तुझ्याकडेच. कोंबड्या सोडायला येईन मी. दार मात्र तू उघडायचं."

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत नोरीनबाई दुखरा खुबा सांभाळत मागचं दार सताड उघडून बसल्या होत्या. दमट हवा सरळ आत येत होती. ओट्यावर डबा होता, आणि त्याचं झाकण त्यांनी स्वतःच काढून ठेवलं होतं.