उदबत्तीचा धूर

एसी लावूनही खोली गार होईना, म्हणून जवळा बाजारहून मेकॅनिक आला. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. मशीन तपासून तो म्हणाला, "हे बराबर हाय. गरम हवा कुठून तरी घुसून राहिली." एसी बंद करून त्यानं उदबत्ती पेटवली आणि श्वास रोखून ती भिंतींच्या कडेकडेनं फिरवू लागला. वायरीच्या भोकाशी मात्र सरळ चढणारा धूर पलीकडून आलेल्या हवेनं एकदम खोलीकडं वळला.

"पलीकडं काय हाय?"

"तुरीची पोती. कीड लागू नये म्हणून काल गोळ्या टाकल्यात."

उदबत्ती विझवून त्यानं पलंगावर झोपलेलं माझं लेकरू उचललं आणि थेट अंगणात नेलं. मी ओरडत मागं धावलो.

"त्या गोळ्यांचा गॅस जहर असतो, भाऊ! ह्याला काही तकलीफ झाली का?"

सकाळपासून दोन उलट्या झाल्या होत्या.

त्याच्याच गाडीवर दवाखाना गाठला. लेकरू वाचलं. पण रात्रभर तिथंच झोपलेल्या त्याला ऊन लागून उलट्या झाल्या असतील म्हणून सकाळी पुन्हा त्याच खोलीत मीच निजवलं होतं, आणि गारवा जाऊ नये म्हणून दाराखालची फट चादर कोंबून बुजवली होती.