पांढरा फिल्टर

आमच्या फ्रिजच्या दारावर एक कागद चिकटवलेला असतो. कोणत्या वारी घरातले कोणते काम, ते त्यावर लिहिलेले आहे. सोमवारी टाकीतला गाळ पाहणे, गुरुवारी इन्व्हर्टरच्या बॅटरीतले पाणी पाहणे, रविवारी सकाळी एसीचा फिल्टर धुणे. घरातले लोक या कागदाला हसतात, आणि सिलिंडर कधी लावला होता हे विचारायला माझ्याकडेच येतात.

एसी एकच आहे, सासूबाईंच्या खोलीत. आधी तोही नव्हता, कूलरवर भागत होते. पण मागच्या हंगामात कापसाची वेचणी जोरात असताना सासूबाईंना दम्याचा असा झटका आला की गाडी करून नागपूरला न्यावे लागले. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावले की धूळ, धूर आणि कापूस यांच्या जवळ जाऊ द्यायचे नाही, आणि कूलरची ओलही चालायची नाही. कापसाच्या पांढुर्ण्यात राहायचे आणि कापसापासून दूर राहायचे! तरी आम्ही जमवले. दरवर्षी भाव येईपर्यंत मागच्या खोलीत भरून ठेवायचो तो कापूस यंदा शेतावरच्या खोलीत गेला. सासूबाईंच्या खोलीच्या भिंती धुऊन रंगवल्या, पडदे काढले आणि एसी बसवला. पुन्हा तसा झटका आला तर सांगता येणार नाही, असे डॉक्टर मला बाजूला घेऊन बोलले होते. त्यामुळे तो एसी म्हणजे माझ्या लेखी चैनीची वस्तू नव्हती, औषध होते.

फिल्टर धुणे अवघड नाही. स्टुलावर चढायचे, मशीनचे झाकण वर करायचे, दोन जाळ्या खाली ओढून काढायच्या. नळाखाली उलट्या बाजूने पाणी सोडायचे, जुन्या टूथब्रशने हलके घासायचे, सावलीत वाळवायचे. उन्हात ठेवले तर प्लास्टिक वाकते आणि मग जाळी खाचेत बसत नाही. माझ्या दोन्ही जाळ्यांवर मी मार्करने डावी-उजवी अशी खूण करून ठेवली आहे. सुरुवातीचे काही रविवार नेहमीची करडी धूळ निघाली. मग मे महिना लागता लागता एका रविवारी जाळी काढली, तर ती पांढरी.

मी बोरगावची, कापसाच्या घरातली. बोटाने तो थर उचलला तेव्हा तो सायीसारखा अखंड निघून आला. चिमटीत धरून ओढला तर लांब धागा निघाला. ही धूळ नव्हती, कापसाची रुई होती.

पहिला संशय मेकॅनिकवर गेला. सौंसरचा माणूस, होळीनंतर सर्व्हिस करून गेला होता. शेतकऱ्यांच्या घरचे पाच-सहा एसी तो एकाच फेरीत उरकतो, हे मला ठाऊक होते. कुणाच्या तरी कापसाच्या खोलीतला पाइप आणि कपडा आमच्या मशीनमध्ये फिरवून गेला असेल, असे मी धरून चालले. शिवाय थंडावा कमी झाला होता आणि एकदा तर मशीनमधून भिंतीवर पाण्याचा ओघळ आला होता. त्याला बोलावले.

"भाभीजी, जेट मारून कॉइल धुतली होती म्या. तुमी स्वता उभ्या होत्या," तो टॉर्च मारत म्हणाला. "जाळी चॉक झाली की हवा जात नाई, मंग बरफ जमते, अन् तोच पाघळते. हे खिडकीतून येऊन राहिलं. जिनिंगकडचं वारं हाय ना इकडं."

"खिडकी बंद असते."

"मंग गॅस पाहून घेऊ का?"

"गॅसचा आणि रुईचा काय संबंध?"

"संबंध नाई. पर थंड कमी करते म्हणता ना तुमी!"

त्याला चहा दिला आणि गॅसला हात लावू दिला नाही. पण वाऱ्याची गोष्ट पटण्यासारखी होती. भावाची वाट पाहून थकलेला कापूस मे महिन्यातच बाहेर पडतो आणि सरकी काढणारी एखादी जिनिंग मिल चालू असते. मी चिकटपट्टीचे बंडल आणले आणि खिडकीची प्रत्येक फट बंद केली. कडीवरही पट्टी लावली. कडीवरची पट्टी वाऱ्यासाठी नव्हती, शेजारच्या काकूंसाठी होती.

या काकू सासूबाईंच्या जुन्या मैत्रीण. एसी आल्यापासून रोज दुपारी आमच्याकडे येतात. मी तेव्हा जनपद पंचायतीच्या ऑफिसात असते. काकू तंबाखू-सुपारीचा खर्रा खातात. खर्रा खाणाऱ्या माणसाला थुंकायला खिडकी लागतेच. काकू खिडकी उघडतात, थुंकतात, गप्पांच्या नादात उघडीच ठेवतात, असे सगळे चित्र मी मनात रंगवून ठेवले होते. त्यांच्या हातात नेहमी एक फुगीर कापडी पिशवी असायची. "मुरमुरे आणले वो बाईसाठी," असे मला एकदा फाटकात भेटल्या तेव्हा त्या म्हणाल्या होत्या. मी काही विचारले नव्हते, तरी त्यांनी सांगितले. हे मी लक्षात ठेवले.

पुढच्या रविवारी कडीवरची पट्टी जशीच्या तशी होती. जाळी काढली, तर ती स्वच्छ.

स्वच्छ म्हणजे नुसती स्वच्छ नव्हे. आठवडाभर चाललेल्या एसीची जाळी थोडी तरी मळते. ही आरशासारखी लख्ख होती आणि कोपऱ्यात वाळलेल्या पाण्याचा डाग होता. शिवाय डावी जाळी उजवीकडे बसवलेली होती.

मी स्टुलावर तशीच उभी राहिले. सासूबाई पलंगावरून माझ्याकडे पाहत होत्या.

"काय वो, निंगालं का काई?"

"नाही आई. साफ आहे."

"पाय, म्या म्हटलं नव्हतं? उगाच त्या एसीवाल्या पोट्ट्यावर घसरली तू."

आणि त्या खोकल्या. तो खोकला मला आवडला नाही. आठ दिवसांत त्यांचा दम्याचा पंप दिवसातून जास्त वेळा निघू लागला होता. जिना नाही, उन्हात जाणे नाही, बंद थंड खोलीत बसलेल्या बाईला पंप वरचेवर का लागावा? सासूबाई स्टुलावर चढू शकत नाहीत. म्हणजे जाळी कुणीतरी दुसऱ्याने काढून धुतली होती, आणि तीही मी पाहायच्या आत.

रात्रीच्या जेवणाला नवऱ्याला विचारले. ते दिवसभर संत्र्याच्या बागेत असतात, संध्याकाळी येतात.

"तुम्ही एसीची जाळी धुतली का?"

"म्या? मले तं रिमोटबी लावता येत नाई," ते म्हणाले आणि लगेच भाजीला नावे ठेवू लागले. आमचे हे भाजीला कधी नावे ठेवत नाहीत.

तेव्हा माझ्या लक्षात आले की या घरात सगळ्यांना माझा रविवार माहीत आहे. फ्रिजच्या दारावर मीच तो लिहून ठेवला आहे. कागदावर काही बदलले नाही. बुधवारी ऑफिसात अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकली, स्कूटी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापाशी उभी केली आणि पायी घरी आले. फाटकाचा आवाज होतो, म्हणून मागच्या दाराने आत गेले. माझ्याच घरात मी चोरासारखी चालत होते आणि मला त्याचे काही वाटत नव्हते.

सासूबाईंच्या खोलीचे दार नुसते ओढलेले होते. ढकलले.

पलंगावर वर्तमानपत्र पसरलेले. त्यावर कापसाचा ढीग, आमच्याच शेतातला. काकू बोटांनी सरकी काढून स्टीलच्या वाटीत टाकत होत्या. टण्ण, टण्ण. समोर सासूबाई, पाय लांब करून बसलेल्या, साडी पोटरीवर सरकवलेली, पोटरीला राख लावलेली. तळहाताने त्या वाती वळत होत्या. पंखा बंद, एसी चालू. मशीनच्या तोंडातून निघणारी हवा ढिगावरून फिरत होती आणि रुईचे बारीक तंतू उचलून खोलीभर नेत होती. पिशवी पलंगाच्या पायाशी, अर्धी रिकामी.

काकूंचा हात वाटीवरच थांबला.

"अवो, आज तं बुधवार हाय!"

मी आधी एसी बंद केला. मग खिडकीवरच्या चिकटपट्ट्या ओढून काढल्या आणि खिडकी सताड उघडली. तेव्हाच कळले की बाहेरची रुई येऊ नये म्हणून लावलेल्या त्या पट्ट्यांनी आतली रुई आतच कोंडली होती. ऊन आत आले आणि त्या उजेडात हवेत किती काय तरंगत होते ते तिघींनी पाहिले.

"हे काय आहे, आई?"

"वाती होय."

"ते दिसते मला. कशासाठी?"

सासूबाईंनी हातातली वात वर्तमानपत्रावर ठेवली. "लाख वातीचा नवस हाय जामसांवलीच्या मारुतीले. नागपूरले दवाखान्यात होती तवा बोलली. म्हटलं, देवा मारुती, तू पवनाचा लेक होय, माही हवा मले परत दे. आपल्या वावरातला कापूस, आपल्या हातची वात, लाख वाती लावीन."

"श्वासासाठी नवस बोलल्या, आणि तो फेडायला श्वासच घालवून राहिल्या? डॉक्टर काय म्हणाले होते?"

"डॉक्टर तं तुले म्हणे सांगता येत नाई, आयकलं म्या. मारुतीनं सांगतलं."

"पण इथं का? या खोलीत का?"

यावर काकूंनी तोंड उघडले. "मंग कुठं वो बाई? पंख्याखाली रुई उडते, कूलरखाली ओली होते, अन् बाहेर लू चालते. तुह्या एसीत लय बरं जमते. गार बी लागते."

मला हसू आले असते, पण सासूबाईंच्या छातीतून तेव्हाच तो शिट्टीसारखा आवाज निघाला. पंप उशीखाली होता. मी तो दिला, पाठीवर हात ठेवून उभी राहिले. श्वास हळूहळू खाली बसला. काकूंनी तोवर न सांगता ढीग वर्तमानपत्रात गुंडाळला होता.

"जाळी तुम्ही धुतली," मी काकूंना म्हणाले.

"हाव. स्टुलावर चढली, पडता पडता वाचली. तुले कसं समजलं?"

"उलटी बसवली."

"आता वो माय! जाळीले बी उलटं-सुलटं रायते काय?"

संध्याकाळी हे आले. शेतावरच्या खोलीतून कापूस काकूंच्या घरी पोचवणारे तेच होते. त्यांनी नाकारले नाही. "आईनं शपथ घातली. तुले सांगतलं असतं तं तू बंद केलं असतं."

"हो, केलं असतं."

"मंग? नवस राहिला असता तं तिनं त्याच काळजीनं धाप लावून घेतली असती. तू तिले ओळखत नाई काय?"

ओळखते. म्हणून भांडणे सोडून मी कामाची वाटणी केली. सरकी काढणे आणि कापूस पिंजणे काकूंच्या घरी, काकूंच्या सुनेच्या मदतीने. सासूबाईंकडे फक्त पिंजलेल्या कापसाचे पेळू येणार. वळायचे पुढच्या ओसरीवर, सकाळी ऊन चढायच्या आत, नाकावर ओला रुमाल बांधून, बोटे दुधात बुडवून, म्हणजे तंतू उडत नाहीत. आधी पंप, मग वात. धाप लागली की त्या दिवशीचे काम बंद. सासूबाईंनी सगळे ऐकून घेतले.

"वात माह्याच हातची राहीन ना पण?"

"तुमच्याच हातची."

"अन् हे त्या फ्रिजवर लिहू नको. देवाचं काम होय, बॅटरीचं पाणी नोय."

मेकॅनिकला पुन्हा बोलावून कॉइल धुवून घेतली. ड्रेन पाइपमध्ये फुंकर मारल्यावर आतून रुईचा एक ओला बोळा बाहेर पडला. त्याने तो हातात घेऊन माझ्याकडे पाहिले. मी म्हणाले, "वारा नव्हता. घरातलीच होती." तो म्हणाला, "म्या तं पहिलेच म्हटलं होतं." त्याने असे काहीही म्हटले नव्हते.

पहिल्या पावसाच्या आत वाती झाल्या. एका मंगळवारी आम्ही जामसांवलीला गेलो. मंदिरात गर्दी होती. सासूबाई माझा हात धरून चालल्या, मध्ये दोनदा थांबल्या. वाती तुपात भिजवून लावल्या तेव्हा मी त्यांना धुरापासून लांब, वाऱ्याच्या बाजूला बसवले. काकू म्हणाल्या, "हे बाई देवळातबी फिल्टर पायते." सासूबाई हसल्या, आणि हसताना खोकला आला नाही. मी मुद्दाम वाट पाहिली. आला नाही.

कागद अजून फ्रिजवर आहे, पण फिल्टरचा वार मी आता लिहीत नाही. मनात येईल त्या दिवशी स्टूल घेऊन जाते. मंदिरातून आल्यावर तीन दिवसांनी, शुक्रवारी, ऑफिसातून लवकर येऊन अशीच गेले. काकू तिथेच होत्या, पायाशी फुगीर पिशवी. मी पिशवीकडे पाहिले. काकूंनी ती उलटी करून पलंगावर ओतली. मुरमुरे होते.

"बोट घालून पाय, खाली काई असन तं," त्या म्हणाल्या.

बोट घातले. मुरमुरेच होते.

मग स्टुलावर चढून जाळी काढली आणि खिडकीच्या उजेडात धरली. डावी डावीकडेच होती.

"काय निंगालं वो?" पलंगावरून सासूबाईंनी विचारले.

"धूळ."

"कोनती?"

मी बोट फिरवून पाहिले. करडी, कोरडी, चिमटीत न येणारी.

"साधी, आई. रोजची."

"मंग धू," त्या म्हणाल्या आणि मूठभर मुरमुरे तोंडात टाकले.